माणसं कुणाचं ऐकतात

अक्षय्य तृतीयेला तीन दिवस राहिले असताना अरुणा कबनूरला माहेरी आली, आणि उंबऱ्यातच तिच्या लक्षात आलं की या खेपेला घरातल्या सगळ्यांना तिचा फार पुळका आलाय. धाकट्या भावाची बायको दीपा स्वतः उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "वन्सं, उन्हातनं आलासा. जरा पडा आत, खोली झाडून ठेवलीय." हीच दीपा मागल्या दिवाळीत म्हणाली होती की तुमच्या खोलीत आता पोरांचा अभ्यास चालतो. आता तिथं अभ्यासाचं टेबल नव्हतं आणि खिडकीला नवा पडदा लागला होता.

कारण उघड होतं. तात्यासो मुरगुंड्यांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी कारखान्यातनं अंग काढून घ्यायचं ठरवलं होतं. घराला लागूनच असलेले अठ्ठेचाळीस यंत्रमाग आता दोन नातवांपैकी एकाच्या हाती जायचे होते. थोरला मुलगा धनपाल साथीच्या दुसऱ्या लाटेत गेला, तेव्हा त्याचा वृषभ पुण्याची नोकरी सोडून आला होता. धाकट्या बाहुबलीचा अनेकांत कॉलेज सुटल्यापासून कारखान्यातच होता. दोघांनी एकत्र चालवा म्हटलं तर तात्यासो म्हणायचे, "गाडीला दोन बैल चालत्यात, पर कासरा एकाच्याच हातात लागतोय." कासरा कुणाच्या हातात द्यायचा हे मात्र त्यांनी लेकीवर सोपवलं होतं.

"अरुणा सांगंल," त्यांनी घरात जाहीर केलं होतं. "तिनं आपला हिस्सा कवाच सोडलाय. तिला कुणाकडनंबी काय नको."

अरुणानं खरं तर मनाशी ठरवूनच टाकलं होतं. अनेकांत. त्याच्या गोड बोलण्यानं दगडाला पाझर फुटावा. कुठल्या मागवाल्याची पोरगी कितवीत आहे, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन झालं, सगळं त्याला पाठ. वृषभ म्हणजे तुटक. विचारलं तेवढं बोलायचा, आणि ते ऐकणाऱ्याला लागायचं. निकाल सोपा होता. तरी कोल्हापूरहून येताना एसटीत तिच्या डोक्यात एक जुना किडा वळवळायला लागला होता. एकोणतीस वर्षं तिनं शाळेत काढली, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. वर्गाला मॉनिटर नेमायचे शिक्षक, आणि वर्ग ऐकायचा भलत्याच पोराचं. मागच्या बाकावरची एखादी शेंबडी पोर "चला रे" म्हणायची आणि पंचेचाळीस पोरं उठायची. का? हे तिला शेवटपर्यंत उमगलं नव्हतं.

म्हणून चहा झाल्यावर ती तात्यांच्या आरामखुर्चीजवळ जाऊन बसली.

"तात्या, एक विचारू? साठेक माणसं, पन्नास वर्षं. त्यांनी तुमचं ऐकलं. का ऐकलं?"

तात्यासोंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी केला नसावा.

"मी लौकर उठायचो," ते म्हणाले.

"लवकर तर दूधवाला पण उठतो."

"ते बी खरं." तात्यासो हसले. मग त्यांनाच नवल वाटलं. "मला काय म्हाईत गं? मी सांगणारा हुतो. ज्यांनी ऐकलं त्यांस्नी इचार की. मला बी सांग मग, काय म्हणत्यात ते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुणा कारखान्यात गेली. लहानपणी या खडखडाटात तिला झोप लागायची, आता दोन मिनिटांत कानठळ्या बसल्या. कापसाची भुकटी उन्हाच्या तिरिपीत तरंगत होती. कृष्णात एका मागाखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. कृष्णात म्हणजे इथला जॉबर, माग बिघडला की बरा करणारा वैद्य. विशीत इथं आला आणि इथंच त्याचे केस पिकले.

"आक्का, तुमी हितं?" तो पान्यासकट बाहेर आला. तिनं कानाशी तोंड नेऊन प्रश्न विचारला. त्यानं तिला दाराबाहेर सावलीत आणलं, बिडी काढली, पेटवली नाही.

"खरं सांगू? तात्यासोंना यंत्रातलं काय बी कळत नव्हतं. पर आपल्याला कळत न्हाय, हे त्यांस्नी कळत हुतं." त्यानं बिडी कानावर ठेवली. "लई मालक बघिटलेत मी, आक्का. ही एवढीच गोष्ट अवघड जाती त्यांस्नी."

"आणि पोरांना?"

कृष्णात आत बघत राहिला. तिसऱ्या लाइनीचे बारा माग बाकीच्यांपेक्षा जास्त वेगानं धडधडत होते. तिला ते आता जाणवलं.

"त्यांच्या मोटरीच्या पुल्या बदलल्यात," तो म्हणाला. "मोठ्या बसवल्यात. माग जास्त पळतोय. वृषभदादांनी सांगिटलं." एवढं सांगून तो आत गेला.

कांड्या भरायच्या खोलीत विठाबाई होती, सत्तरीला टेकलेली. मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरत तिचं आयुष्य गेलं. तिच्यासमोर अरुणा अजून परकरातली पोरच होती.

"मला नगं इचारूस," विठाबाई कांडीवरची नजर न काढता म्हणाली. "मी तुज्या बाचं कवा ऐकलंच न्हाय. त्योच माजं ऐकायचा."

शिवपूजन तिसऱ्या लाइनीवर होता. बिहारकडचा, अकरा वर्षं इथं, मराठी बोलायचा पण आपल्या चालीनं. त्यानं कपाळावरचा घाम गमछ्यानं पुसला आणि जराही विचार न करता सांगितलं, "बडे मालकला माझ्या गावाचा नाव माहीत हाय. बाकी सगळा लोक बिहार बोलतो. बिहार केवढा मोठा हाय, दीदी!"

अरुणानं दुपारी तात्यांना तिन्ही उत्तरं सांगितली. ते लहान पोरासारखे खूश झाले. विठाबाईचं उत्तर त्यांनी दोनदा सांगायला लावलं. "पर ह्यात मेळ काय लागंना," ते म्हणाले. मेळ अरुणालाही लागत नव्हता. आणि लागत नव्हता म्हणूनच तिला मजा यायला लागली होती.

*

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी वृषभची बायको भाग्यश्री गच्चीवर कुरडया घालत होती. अरुणा मदतीला गेली. चार कुरडया पडल्यावर भाग्यश्री सोऱ्या खाली ठेवून म्हणाली, "आत्या, तुम्ही यांना देऊ नका."

अरुणा चकित झाली. या घरात दोन दिवस सगळे मागण्याचंच बोलत होते. दीपानं तर काल "आमचा अनेकांत कुणाला दुखवत न्हाय, वन्सं, मुंगीला सुदिक" असं म्हणून डोळ्याला पदर लावला होता.

"का गं?"

"यांना सोसत नाही. काही चुकलं की दोन-दोन दिवस जेवण जात नाही. तोंडानं बोलत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं मग्रूर आहेत. अनेकांत भाऊजींचं बरं. चुकलं काय, बरोबर आलं काय, ते निवांत." तिनं हातावरचा चीक पुसला. "मला माझा नवरा धड पाहिजे, आत्या. कारखाना कुणी पण चालवू दे."

"आत्ता काही चुकलंय का?"

भाग्यश्रीनं सोऱ्या परत उचलला. "आठ दिवस झाले, जेवताना ताटातली चपाती नुसती तोडत बसतात. विचारलं तर 'काही नाही' म्हणतात."

*

अक्षय्य तृतीयेला बाहुबली बस्तीतनं, म्हणजे जैन मंदिरातनं, पूजा आटोपून उसाच्या रसाची किटली घेऊन आला. भगवान आदिनाथांचा वर्षभराचा उपवास या दिवशी उसाच्या रसानं सुटला, म्हणून घरात आधी सगळ्यांच्या हातावर रस, मग जेवण. कारखाना सुरू होता, दिवसपाळीच्या माणसांनाही रस पोचला होता. बारा वाजता पंगत बसली. आमरस वाढून झाला होता आणि दीपा आग्रह करकरून अरुणाच्या ताटात पोळी टाकत होती. जेवणं झाल्यावर अरुणा नाव सांगणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे दुसऱ्याच गोष्टींवर बोलत होते.

तेवढ्यात खडखडाटातला एक पदर गळून पडला.

या घरात आवाजाची सवय इतकी, की कुठली लाइन थांबली ते जेवताना न बघता कळायचं. तिसरी थांबली. मग दुसरी. मग सगळा कारखाना गप्प झाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

वृषभ हात न धुता उठला. त्याच्या मागं अनेकांत, आणि अनेकांतच्या मागं अरुणा.

"सगळे माग कुणी बंद केले?" दारातनंच वृषभ ओरडला. "एक बंद पडला तर एक बंद ठेवायचा की! बाकीच्यांना काय—"

"आधी मानूस बघ रं!" विठाबाईचा आवाज त्याच्यावर चढला.

शिवपूजन भिंतीला टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर गमछा दाबलेला, गमछा लाल. समोर धोटा पडला होता. हातभर लांबीचं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. मागातनं निसटून तो थेट त्याच्या तोंडावर आला होता.

वृषभ गुडघ्यांवर बसला. गमछा हलकेच उचलून त्यानं बघितलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्यानं शिवपूजनच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, हंबीरराव नावाच्या मागवाल्यानं दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी त्याला गाडीत बसवलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा कारखान्याच्या दारावर वृषभच्या आमरसानं भरलेल्या हाताचा ठसा राहिला होता.

हंबीरराव परत फिरला तो अनेकांतसमोर येऊन उभा राहिला. त्याच्यामागं बाकीची माणसं गोळा झाली.

"पुल्या बदलल्यापासनं हे तिसऱ्यांदा झालं," हंबीरराव म्हणाला. "दोनदा चुकलं, आज लागलं. कुणाला तरी लागणारच हुतं."

अनेकांतनं हात जोडले. "शिवपूजन माझा भाऊ हाय. त्याला काय कमी पडू देणार न्हाय, माझा शब्द हाय." त्याचा आवाज खरोखर भरून आला होता, आणि माणसं ऐकत होती. "मी स्वतः यात लक्ष घालतो. कुठंतरी सेटिंगमधे राहून गेलं असंल. कृष्णातमामांशी बोलतो मी, काय राहिलं ते बघतो."

सगळ्यांच्या माना कृष्णातकडं वळल्या.

कृष्णातनं हातातला पाना स्टुलावर ठेवला. कापडानं एकेक बोट पुसलं. मग कुणाकडंही न बघता तो अंगणातनं चालत फाटकाबाहेर गेला. हंबीररावनं अनेकांतकडं एकदा बघितलं आणि तोही निघाला. मग चौघं, मग दहा, मग कांडीवाल्या बायका. विठाबाई सर्वांत शेवटी, डबा घेऊन.

"अहो, पण माझं ऐका तरी," अनेकांत म्हणत राहिला.

घराच्या दारात काठी वाजली. तात्यासो पायात चप्पल न घालताच बाहेर पडले होते. "सोडा मला. ती माझी माणसं हाईत. मी बोलतो त्यांच्याशी."

वाट भाग्यश्रीनं अडवली. नातसून, एरवी त्यांच्यासमोर मोठ्यानं न बोलणारी. "तात्या, तुम्ही गेलात तर ती येतील. आज येतील. पुढच्या खेपेला तुम्हाला कुठनं आणायचं?"

तात्यासोंनी काठी पुढं टेकवली. अरुणाला वाटलं, आता हिला ते ढकलून देतात. पण ते वळले, पडवीतल्या खुर्चीत बसले आणि काठी दोन्ही हातांनी गच्च धरून रिकाम्या फाटकाकडं बघत राहिले.

*

दुपार कुणालाच सरेना. दीपाला मात्र बोलायला जागा मिळाली होती. "वन्सं, आता सांगायचं काय राहिलं? पुल्या कुणी बदलल्या? वृषभनं. माणूस कुणामुळं पडला? मी बोलणार नव्हते, पण—"

"दीपा," बाहुबली म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. बस्तीचा विश्वस्त, घरात पाहुण्यासारखा राहणारा माणूस. बायकोला अडवण्याची ही त्याची गेल्या कित्येक वर्षांतली पहिली वेळ असावी. "आपल्या लेकाला आधी विचार, तो त्या वेळी कुठं होता."

अनेकांत मागच्या पायऱ्यांवर बसला होता. अरुणा त्याच्याशेजारी जाऊन बसली. शाळेत रडणाऱ्या पोराजवळ ती अशीच बसायची, काही न विचारता.

"मी तिथंच होतो, आत्या," शेवटी तो म्हणाला. "पुल्यांचं ठरलं तेव्हा. कृष्णातमामा नको म्हणाले, धोटा अडवणाऱ्या जाळ्या लावल्याशिवाय वेग वाढवू नका म्हणाले. मला पटलं होतं त्यांचं."

"मग?"

"वृषभला मालाची मुदत गाठायची घाई होती. त्याच्याशी वाद कुठं घालायचा, म्हणून मी बघू म्हटलं. मामांना पण बघू म्हटलं."

"आणि आज त्यांचं नाव घेतलंस."

"ते सगळे माझ्याकडं बघत होते, आत्या. रागानं. मला तसं कुणी बघितलेलंच नाही कधी." त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं. "मला माणसं आवडतात. पण त्यांनी माझ्यावर चिडलेलं मला एक मिनिट सोसत नाही. तोंडातनं काय निघालं ते मला निघाल्यावर कळलं."

"हे मला कशाला सांगतोस? कृष्णातला सांग."

अनेकांतनं मान हलवली, पण उठला नाही.

अरुणाला त्याचा राग आला नाही. तिला नवल वाटत होतं. ज्या गुणासाठी आपण याचं नाव मनाशी ठरवून आलो होतो, तोच आज असा कसा उलटा पडला?

*

वृषभ चार वाजता आला. शर्टावरचं रक्त वाळून तपकिरी झालं होतं. डोळा काढावा लागणार नव्हता, पण दिसेल किती हे सूज उतरल्यावर कळणार होतं. हे त्यानं उभ्या उभ्या सांगितलं आणि कारखान्याच्या उघड्या दाराकडं बघितलं.

"माणसं कुठायत?"

बाहुबलीनं सांगितलं. सगळं, जसं घडलं तसं, स्वतःच्या लेकाचं वाक्यसुद्धा.

वृषभनं अनेकांतकडं बघितलं. अनेकांतनं मान खाली घातली. आता भांडण पेटतंय, असं अरुणाला वाटलं. पण वृषभ मोटरसायकलची किल्ली घ्यायला आत गेला.

"मी येते," अरुणा म्हणाली.

"कशाला, आत्या?"

"बघायला."

कृष्णातचं घर दोन गल्ल्या पलीकडं होतं. दारातल्या कडुनिंबाखाली पंधरावीस जण बसले होते. मोटरसायकल थांबल्यावर बोलणं थांबलं. कुणी उठलं नाही, कुणी बसा म्हटलं नाही. कृष्णात उंबऱ्यावर बसला होता.

वृषभ मोटरसायकल स्टँडला लावून तिथंच उभा राहिला. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ते मागं बांधले, परत सोडले.

"मामा, पुल्या मी बसवायला लावल्या," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हटलं होतं. मी ऐकलं न्हाय. सेटिंगमधे काय चुकलं नव्हतं. चूक माझी हाय, हे सगळ्यांसमोर सांगायला आलोय."

मग हंबीरराव म्हणाला, "आता म्हणून काय उपेग? डोळा येतोय व्हय माघारी?"

"न्हाय."

एवढंच म्हणाला तो. अरुणा वाट बघत होती. आता हा सांगेल की मालाची मुदत जवळ आली होती. सांगेल की दुपारी मीच त्याला उचलून नेलं. सांगेल की अनेकांतही तिथं होता, त्यानंही अडवलं नाही. हे सगळं खरं होतं आणि सांगायला तोंडाशी होतं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. तो उभा राहून लोकांचा राग अंगावर घेत होता. त्याला ते सोपं जात नव्हतं.

"मग आता काय म्हननं हाय तुमचं?" कृष्णातनं विचारलं.

"मला कळंना झालंय, मामा. काय करायचं ते तुम्ही सांगा."

कृष्णातनं त्याच्याकडं जरा निरखून बघितलं. "बाराच्या बारा जुन्या पुल्या परत लावायच्या. आन धोट्याच्या दोन्ही अंगांना जाळी. एका लाइनीला न्हवं, अठ्ठेचाळीस मागांस्नी. त्याबिगर मी पाना धरत न्हाय."

"किती दिवस लागतील?"

"पाच. समदी राबली तर चार."

"तोवर सगळे माग बंद?"

"व्हय. समदे."

"बरं," वृषभ म्हणाला. "उद्यापासनं धरू या?"

"बघू," कृष्णात म्हणाला आणि आत गेला. बाकीचेही जागचे हलले नाहीत.

*

सूर्य मावळायच्या आत या घरात जेवणं होतात. त्या संध्याकाळी ताटं वाढली गेली. तात्यासोंनीच विषय काढला.

"अरुणा, तू सांगणार हुतीस."

"वृषभ," अरुणा म्हणाली.

दीपाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "ज्यानं माणूस पाडला त्याला?"

"हो."

"का गं?" तात्यासोंनी विचारलं. रागानं नाही. ते पुढं वाकले होते, उत्तर ऐकायचं म्हणून.

"कृष्णातच्या दारात याच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं, तात्या. यानं त्यातलं काहीच सांगितलं नाही." तिला यापेक्षा नीट मांडता येईना. "मला अजून पुरतं कळलेलं नाही. पण मी याच्या जागी असते तर बोलले असते. आणि अनेकांतही बोलला असता."

अनेकांतनं मान वर केली. "खरं हाय," तो म्हणाला. दीपानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं काही त्यानं भरल्या ताटाला लाथ मारली.

"काकू बरोबर बोलतायत," वृषभ म्हणाला. "आज माझं नाव घेऊ नका, आत्या. उद्या सकाळी फाटकातनं कुणी आत आलंच न्हाय तर नाव घेऊन काय करायचं?"

भाग्यश्री दाराआड उभी होती. अरुणानं तिच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, की काळजी होती, की आणखी काही, ते ओळखू येईना. तिनं पुढं येऊन नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "आधी जेवा."

तात्यासोंनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "मी आज दुपारी खुर्चीत बसून राहिलो. पन्नास वर्षांत एवढं अवघड काम केलं न्हवतं मी."

*

सकाळची पाळी सातला. अरुणा साडेसहालाच कारखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. अनेकांत त्याआधीच डबा घेऊन दवाखान्यात शिवपूजनकडं गेला होता. कृष्णातशी तो बोलला होता की नाही, हे तिनं विचारलं नाही.

वृषभ फाटकात उभा होता, अगदी मधोमध. दाढी केलेली नव्हती. पावणेसात झाले. समोरच्या रस्त्यानं दुसऱ्या कारखान्यांची माणसं सायकली हाकत गेली. इकडं कुणी वळलं नाही. सात वाजले. आजूबाजूचे माग सुरू झाले आणि सगळा गाव खडखडायला लागला. एकटा मुरगुंड्यांचा कारखाना मुका होता. वृषभनं घड्याळ बघितलं नाही. तो नुसता रस्त्याकडं बघत राहिला.

सात वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावर विठाबाई दिसली. तिच्या चालीनं यायला तिला वेळ लागला. फाटकाशी येऊन ती थांबली आणि तिनं त्याला खालपासनं वरपर्यंत बघितलं.

"असा दारात नंदीगत हुबा राहिलास तर मानसं आत कुठनं शिरनार? बाजूला सर की."

वृषभ चटकन बाजूला झाला. तेव्हा अरुणाला दिसलं, कोपऱ्यापलीकडं, पानपट्टीच्या आडोशाला, माणसं उभी होती. हंबीरराव होता. दोघं-तिघं शिवपूजनच्या खोलीतली होती. सगळ्यांच्या मागं सायकल धरून कृष्णात. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त होती. ती एकेक करत आत आली. कुणी वृषभशी बोललं नाही. कृष्णातनं सायकल भिंतीला लावली, बाह्या दुमडल्या.

"जुन्या पुल्या कुठं टाकल्यात?"

"म्हाईत न्हाय, मामा," वृषभ म्हणाला. "शोधायला पायजेत."

"शोधायच्या कशाला?" विठाबाई आतनं ओरडली. "माज्या खोलीत पोत्यात बांदून ठेवल्यात मी, काढल्या त्याच दिवशी. लागनार हुत्या हे दिसतच हुतं की. मला कोन इचारतंय?"

हंबीररावला हसू आलं, ते त्यानं दाबलं. कृष्णातला ते दाबता आलं नाही.

वृषभ कांड्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. मग वाकून आत शिरला, आणि तिच्यासमोरच्या रिकाम्या पोत्यावर बसला.

"मावशी," त्यानं विचारलं, "आनखी काय काय दिसतंय तुला?"

विठाबाईनं त्याच्याकडं संशयानं बघितलं. हा पोरगा खरंच विचारतोय, की बोलायचं म्हणून बोलतोय, हे तिनं जरा वेळ जोखलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"डबा तरी ठिवू दे मला," ती म्हणाली. "सांगते."